काक्षी मरणाच्या दारात आहे, हे कळतं कसं?

२०१९च्या अखेरीस मृग नक्षत्रातला काक्षी हा तारा मंदावू लागला. एरवी आकाशातल्या पहिल्या दहा-बारा तेजस्वी ताऱ्यांत मोडणारा हा तारा २०२०च्या फेब्रुवारीत इतका फिका पडला, की त्याचा दोन-तृतीयांश उजेड गेला होता. ‘आता फुटणार’ अशा बातम्या जगभर झळकल्या. तो फुटला नाही. दोन-तीन महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला. पण तेव्हापासून ही बातमी अधूनमधून नव्या कपड्यांत परत येते. ‘लवकरच आकाशात दुसरा सूर्य’ हा त्यातला सगळ्यात आवडता मथळा. २०२५च्या जुलैमध्ये जेमिनी नॉर्थ दुर्बिणीतून काक्षीजवळचा एक मंद जोडीदार टिपल्याचं जाहीर झालं, तेव्हाही चर्चा फिरून स्फोटावरच आली.

या सगळ्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘हा तारा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात आहे.’ खरी नवलाची गोष्ट ही आहे, आणि नेमकी तीच कुणी उलगडून सांगत नाही. माणसाच्या हाती दुर्बीण येऊन जेमतेम चारशे वर्षं झाली. ताऱ्यांची आयुष्यं लाखो, कोटी, अब्ज वर्षांची. एकाही ताऱ्याचा जन्म ते मृत्यू असा प्रवास कुणी पाहिलेला नाही. मग अमुक तारा म्हातारा आणि तमुक तरुण, हे कशावरून?

उत्तर त्याच भागातल्या आकाशात आहे. आणि गंमत अशी, की काक्षी म्हातारा आहे हे ज्या भौतिकशास्त्रावरून खात्रीने सांगता येतं, तेच भौतिकशास्त्र त्याच्या मृत्यूची तारीख मात्र सांगू देत नाही.

आधी मृग सापडू द्या

डिसेंबर ते मार्च या महिन्यांत संध्याकाळनंतर आकाशात एका रेषेत, जवळजवळ सारख्या अंतरावर आणि सारख्याच तेजाचे तीन तारे दिसतात. इतकी नेटकी तिकडी आकाशात दुसरीकडे नाही. हा मृगाच्या पोटात रुतलेला बाण. त्याच्या भोवती चार ताऱ्यांचा मोठा चौकोन. चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत सर्वात तेजस्वी दोन तारे आहेत. तांबूस दिसतो तो काक्षी, म्हणजे बीटलज्यूस. काही जण त्यालाच आर्द्रा म्हणतात. निळसर पांढरा दिसतो तो राजन्य, म्हणजे रायजेल.

आता बाणाची रेषा दोन्ही बाजूंनी लांबवा. एका बाजूला व्याध लागेल. रात्रीच्या आकाशातला हा सर्वात तेजस्वी तारा आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही. दुसऱ्या बाजूला नारिंगी रोहिणी, आणि तीच रेषा आणखी पुढे नेली की कृत्तिकांचा छोटासा पुंजका. या लेखातली बहुतेक पात्रं एवढ्या पट्ट्यात मावतात.

एक सावधगिरी. रोहिणी आणि कृत्तिका ग्रहांच्या वाटेवर आहेत. तिथे एखादा तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका नकाशात नसताना दिसला तर तो बहुधा ग्रह असतो. तारे इतके दूर असतात की त्यांचा प्रकाश एका बिंदूतून आल्यासारखा असतो आणि हवेच्या हालचालीने तो सहज थरथरतो. ग्रहाला छोटीशी का होईना, चकती असते, म्हणून तो स्थिर वाटतो.

तारकासमूह म्हणजे एक कुटुंब का?

बहुतेक वेळा नाही. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने आकाशाचे ८८ तारकासमूह मानले आहेत आणि १९३०च्या सुमारास त्यांच्या हद्दी आखून दिल्या. या हद्दी पत्ता सांगण्यापुरत्या आहेत. मृगाच्या चौकोनातला बेलाट्रिक्स आपल्यापासून सुमारे २५० प्रकाशवर्षांवर, राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. चौकोनातले हे दोन कोपरे एकमेकांपासून इतके लांब आहेत, की आपण दुसऱ्याच एखाद्या ताऱ्याजवळून पाहत असतो तर मृग दिसलाच नसता.

याला अपवाद आहेत, आणि ते जास्त रंजक आहेत. सप्तर्षींतले पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे मधले पाच तारे साधारण ८० प्रकाशवर्षांवर आहेत आणि अवकाशात एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत. ते एकाच वायुमेघातून जन्मले. टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र उपरे; ते वेगळ्याच वाटेने जातात. कृत्तिका तर पूर्णपणे सख्खी भावंडं आहेत. ही भावंडं पुढे फार उपयोगी पडणार आहेत.

रंग आणि तेज यांतून काय निघतं

तापलेला पदार्थ आधी लाल प्रकाश देतो, मग पिवळा, मग पांढरा, आणि त्याहून तापला की निळसर. ताऱ्यांनाही हाच नियम. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस, सूर्याचा ५,५००, राजन्याचा १२,००० अंशांच्या आसपास. तांबडा म्हणजे थंड, निळा म्हणजे तप्त. नुसत्या डोळ्यांनी काक्षी आणि राजन्य आलटून पालटून पाहिले तरी हा फरक कळतो.

आता यातून एक कोडं उभं राहतं. थंड पृष्ठभाग प्रकाश कमी देतो. काक्षीच्या एका चौरस मीटरमधून सूर्याच्या जेमतेम सातव्या हिश्श्याइतकी ऊर्जा बाहेर पडते. तरीही शेकडो प्रकाशवर्षांवरून तो आपल्याला इतका ठळक दिसतो, म्हणजे त्याची एकूण ऊर्जा सूर्याच्या लाखभर पट असली पाहिजे. दर चौरस मीटरला इतकं कमी आणि एकूण इतकं जास्त, हे एकाच प्रकारे जमतं: चौरस मीटर प्रचंड असले पाहिजेत. हिशेब केला की काक्षीचा व्यास सूर्याच्या सातआठशे पट निघतो. सूर्याच्या जागी तो ठेवला, तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ, चारही त्याच्या पोटात जातील.

या हिशेबासाठी अंतर माहीत हवं. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेले दिसतात. फ्रीड्रिख बेसेल यांनी १८३८ मध्ये हे सरकणं मोजून एका ताऱ्याचं अंतर पहिल्यांदा विश्वासार्हपणे काढलं. काक्षीच्या बाबतीत मात्र हे अवघड जातं, कारण तो इतका मोठा आणि डागाळलेला आहे की त्याचा मध्यच नीट पकडता येत नाही. म्हणून त्याचं अंतर ५५० ते ७०० प्रकाशवर्षं असं ऐसपैस सांगितलं जातं.

तेज आणि रंग यांच्या जोडीला तिसरा पुरावा वर्णपटाचा. ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवला की त्यात काळ्या रेषा दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. ॲनी जंप कॅनन यांनी अशा साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. या रेषा कमीजास्त का होतात, याची किल्ली मेघनाद साहा यांनी १९२०मध्ये दिली: रेषांची ठळकता मुख्यतः तापमानावर अवलंबून असते. ती किल्ली वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ साली आपल्या प्रबंधात दाखवलं, की तारे प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. त्या काळच्या दिग्गजांना हे पटेना. हेन्री नॉरिस रसेल यांच्या आग्रहाखातर पेन यांना स्वतःच्याच निष्कर्षावर ‘हे जवळजवळ नक्कीच खरं नाही’ असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल त्याच निष्कर्षाला पोचले. विश्व कशाचं बनलंय, या प्रश्नाचं उत्तर पंचविशीतल्या एका विद्यार्थिनीने दिलं होतं आणि ते तिला धड छातीठोकपणे सांगताही आलं नाही, ही गोष्ट मला अजूनही टोचते.

तारा मुळात टिकतो कसा

तारा म्हणजे स्वतःच्या वजनाने आत कोसळू पाहणारा वायूचा गोळा. गाभ्यात तापमान आणि दाब इतके वाढतात की हायड्रोजनची अणुकेंद्रं एकत्र येऊन हेलियम बनतं. याला केंद्रकीय संमीलन म्हणतात. त्यातून निघणारी ऊर्जा गाभा तापलेला ठेवते आणि तो ताप कोसळणं थोपवून धरतो. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश आहे. तिथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातले ४० लाख टन वस्तुमान ऊर्जेत बदलतं. तरी सूर्य हे काम ४६० कोटी वर्षं करतो आहे आणि अजून साधारण ५०० कोटी वर्षं करेल.

सगळं काही ठरतं ते जन्माच्या वेळच्या वस्तुमानावर. जड तारा म्हणजे जास्त इंधन, म्हणजे जास्त आयुष्य, असं वाटतं. होतं उलटं. वजन जास्त तर गाभ्यावरचा दाब जास्त, तापमान जास्त, आणि संमीलनाचा वेग भलताच जास्त. सूर्याच्या दहापट जड ताऱ्याकडे इंधन दहापट असतं, पण तो ते हजारो पट वेगाने खर्च करतो. सूर्याला १,००० कोटी वर्षं मिळतात, तर त्याला दोन-तीन कोटी. उलट सूर्याच्या दहाव्या हिश्श्याचे लहानखुरे लाल तारे इतके काटकसरी, की विश्वाच्या आजवरच्या १,३८० कोटी वर्षांत त्यांतला एकही इंधन संपून मेलेला नाही.

म्हणजे आकाशात एखादा निळा, प्रखर तारा दिसला तर तो नक्कीच तरुण आहे. म्हातारं व्हायला तो उरणारच नसतो.

पण वय मोजलं कुणी?

इथे भावंडं उपयोगी पडतात. कल्पना करा, एका खोलीत वेगवेगळ्या जाडीच्या पुष्कळ मेणबत्त्या एकाच क्षणी पेटवल्या आहेत आणि कुठली किती वेळ जळते हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मधेच कधीतरी खोलीत डोकावलात. कुठल्या विझल्या आणि कुठल्या जळताहेत, एवढं पाहिलं की पेटवून किती वेळ झाला ते सांगता येईल. पहारा देत बसायची गरज नाही.

तारकागुच्छ म्हणजे नेमकी अशी खोली. एका मेघातून, जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले शेकडो तारे. सर्वांचं अंतर सारखं, म्हणून तेजाची तुलना थेट करता येते. कृत्तिकांमध्ये निळे तारे अजून झगमगताहेत, पण सर्वात जड निळे तारे उरलेले नाहीत. त्यावरून त्यांचं वय साधारण १० कोटी वर्षं निघतं. रोहिणीच्या भोवती इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा जो गुच्छ दिसतो, त्यात निळे तारे संपले आहेत आणि चार तारे फुगून नारिंगी झाले आहेत. त्याचं वय ६५ कोटी वर्षांच्या आसपास. कर्क राशीतल्या एम६७ या गुच्छात जवळजवळ सूर्याएवढे तारे निरोपाच्या तयारीत आहेत: सुमारे ४०० कोटी वर्षं. आणि शौरी तारकासमूहातल्या एम१३सारख्या गोलाकार गुच्छांत सूर्यापेक्षा हलकेच तारे धड उरले आहेत. ते ११-१२ अब्ज वर्षांचे.

एजनार हर्टझस्प्रुंग आणि रसेल यांनी १९११ ते १९१३ या काळात ताऱ्यांचा रंग आणि खरं तेज यांचा आलेख काढला, तेव्हा तारे कसेही विखुरलेले दिसले नाहीत. बहुतेक तारे एका तिरप्या पट्ट्यात बसले. हा पट्टा म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जळत असलेले तारे. पट्ट्याबाहेर वर उजवीकडे थंड आणि फुगलेले, खाली डावीकडे तप्त आणि चिमुकले. वेगवेगळ्या वयाच्या गुच्छांचे आलेख शेजारी ठेवले, की पट्टा वरच्या टोकाकडून क्रमाने झिजत जाताना दिसतो. एकाही ताऱ्याचं आयुष्य न पाहता आयुष्यक्रम वाचता आला, तो असा.

रोहिणी आणि काक्षी: रंग एक, नशीब वेगळं

गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकुंचन पावतो, तापतो, आणि त्याच्या भोवतीच्या थरात हायड्रोजन जळू लागतो. त्या उष्णतेने बाहेरचे थर फुगतात आणि फुगल्यामुळे थंड होतात. तारा तांबडा आणि अवाढव्य होतो. रोहिणीचं हेच झालं आहे. तिचं वस्तुमान सूर्याहून थोडंसंच जास्त आहे, पण व्यास चाळीसपटीहून अधिक. सूर्य पाचेक अब्ज वर्षांनी साधारण कसा दिसेल, ते आज रोहिणीकडे पाहून कळतं. भोवतीच्या ‘व्ही’मधली ती नव्हे, तो गुच्छ १५० प्रकाशवर्षांवर आणि रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, एवढंच की ती आपल्या आणि त्याच्या मधे आली आहे.

काक्षीचा रंग जवळपास तोच, पण ऊर्जा रोहिणीच्या शेकडो पट. इतकं तेज फक्त जन्मतःच जड असलेल्या ताऱ्याला शक्य आहे. काक्षीचं वस्तुमान सूर्याच्या १५ ते २० पट मानलं जातं. एवढ्या जड ताऱ्याचा हायड्रोजन कोटीभर वर्षांत संपतो. जड तारा तांबडा आणि फुगलेला दिसतोय, म्हणजे त्याचा मुख्य साठा संपलेला आहे. ‘अखेरचा टप्पा’ या शब्दांमागे एवढा युक्तिवाद आहे, आणि तो भक्कम आहे.

रोहिणीचा शेवट शांत असेल. बाहेरचे थर हळूहळू अवकाशात पसरतील आणि काही हजार वर्षं गाभ्याच्या उजेडात चमकतील. अशा पसरत्या कवचांना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही. अभिजित ताऱ्याजवळचा कंकणाकृती तेजोमेघ, एम५७, छोट्या दुर्बिणीतून धुराच्या वेटोळ्यासारखा दिसतो. मधे उरतो तो श्वेत बटू: विझलेला, पृथ्वीएवढा, पण सूर्याइतकं वस्तुमान कोंबलेला गाभा. व्याधाला असाच जोडीदार आहे. व्याध वाकड्या वाटेने चालतो हे पाहून बेसेल यांनी १८४४ मध्ये तो असल्याचं सांगितलं आणि १८६२ मध्ये आल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला.

श्वेत बटू किती जड असू शकतो याची मर्यादा सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये, इंग्लंडला जाताना बोटीवर मांडली: सूर्याच्या साधारण १.४ पट. त्यापलीकडे गाभा स्वतःला सावरू शकत नाही. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

काक्षीचा गाभा ही मर्यादा ओलांडणार. तिथे हेलियमनंतर कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन अशी एकेक इंधनं जळत जातील, आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा आखूड. हेलियम दहा लाख वर्षांच्या घरात, कार्बन काहीशे ते काही हजार वर्षं, सिलिकॉन मोजून काही दिवस. शेवटी लोखंड. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्ची पडते. आधार गेलेला गाभा सेकंदाच्या आत कोसळतो, त्यातून न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर बनतं, आणि बाहेरचे थर उधळले जातात. हा अतिनवतारा, अर्थात सुपरनोव्हा. सूर्याचं असं कधीच होणार नाही. तेवढं वस्तुमानच त्याच्याकडे नाही.

धूसर ठिपके: फोटोत इतके रंग आणि डोळ्याला राखाडी?

मृगाच्या बाणाजवळ, राजन्याच्या बाजूला, मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ लोंबते. तिच्या मधला ‘तारा’ जरा पुसट वाटतो. द्विनेत्रीतून, म्हणजे बायनॉक्युलरमधून, पाहिलं की तो ढगासारखा दिसतो. हा एम४२, मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर. त्यातल्या चार तरुण ताऱ्यांचं वय दहा लाख वर्षांच्या आसपास असून त्यांच्याच उजेडात हा मेघ चमकतो. हबल दुर्बिणीला इथे नवजात ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या दिसल्या; ग्रह अशाच चकत्यांत घडतात.

एम म्हणजे मेसिए. शार्ल मेसिए हा धूमकेतूंच्या मागे लागलेला माणूस. धूमकेतू म्हणून फसवणाऱ्या धूसर ठिपक्यांची त्याने यादी केली. आज ती ११० जणांची आहे. त्याला टाळायच्या होत्या त्याच वस्तूंसाठी आज लोक दुर्बिणी विकत घेतात. यादीत तीन तऱ्हा आहेत. तारकागुच्छ, तेजोमेघ, आणि आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी. देवयानी तारकासमूहातली एम३१ दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि खऱ्या अंधारात नुसत्या डोळ्यांना दिसते.

पहिल्यांदा पाहणारे हमखास निराश होतात. फोटोत गुलाबी-जांभळा असलेला एम४२ डोळ्याला राखाडी, फार तर हिरवट दिसतो. फोटो खोटा नसतो. मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाहीत, आणि डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं साठवतो. थोडी युक्ती कामाला येते: वीस-तीस मिनिटं अंधारात थांबा, मोबाइल पाहू नका, आणि वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहा. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नजरेच्या मधोमध नसतात, कडेला असतात.

वृषभेच्या एका शिंगाच्या टोकाजवळ मेसिएच्या यादीतला पहिला ठिपका आहे, एम१, खेकडा तेजोमेघ. लहान दुर्बिणीत तो फुंकर मारल्यासारखा डाग दिसतो. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी याच जागी एक ‘पाहुणा तारा’ नोंदवला होता. तो २३ दिवस भर दिवसा दिसला. आज तिथे पसरत जाणारा मलबा आहे आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा गरगरणारा न्यूट्रॉन तारा. म्हणजे जन्म, तारुण्य, म्हातारपण, विझलेला गाभा आणि स्फोटाचे अवशेष, हे सगळं मृगाच्या आसपास एकाच रात्री पाहता येतं.

हे सगळं कागदावर ठीक, पडताळा काय?

रास्त शंका आहे. ताऱ्याच्या गाभ्यात कुणी गेलेलं नाही. पण तिथून न्यूट्रिनो थेट बाहेर येतात. हे कण कशालाच फारसे अडत नाहीत. रेमंड डेव्हिस यांनी १९६०च्या दशकापासून खोल खाणीत सूर्याचे न्यूट्रिनो मोजले आणि ते अपेक्षेच्या एक-तृतीयांशच भरले. तीसेक वर्षं वाद चालला: चूक सूर्याच्या गणितात की मोजणीत? कॅनडातल्या सडबरी प्रयोगाने २००१-०२ मध्ये दाखवलं, की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि जुन्या उपकरणाला एकच प्रकार दिसत होता. सगळे प्रकार मोजले तेव्हा आकडा जुळला. सूर्याचं गणित बरोबर होतं.

दुसरा पडताळा १९८७चा. २३ फेब्रुवारीला जमिनीखालच्या उपकरणांना काही सेकंदांत पंचवीसेक न्यूट्रिनो मिळाले, आणि काही तासांनी मोठा मॅगेलानिक मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत अतिनवतारा उजळला. गाभा कोसळताना आधी न्यूट्रिनो निसटतात, प्रकाश मागून येतो, हे भाकीत खरं ठरलं. एक धक्काही बसला: जुन्या फोटोत सापडलेला मूळ तारा तांबडा नव्हता, निळा होता. तेव्हा ‘तांबडा झाला की मगच फुटतो’ हा नियम सरसकट लावता येत नाही.

मग काक्षी फुटणार कधी?

इथे मथळे आणि शास्त्र वेगळे होतात. आपल्याला दिसतो तो पृष्ठभाग. गाभ्यातले शेवटचे टप्पे इतक्या झपाट्याने उरकतात की त्यांची खबर अशा अवाढव्य ताऱ्याच्या पृष्ठभागावर पोचायला वेळच उरत नाही. म्हणून पृष्ठभागाचं मंदावणं-उजळणं हा स्फोटाचा इशारा धरता येत नाही. २०१९-२०च्या मंदावण्याचं कारण पुढे सापडलं. ताऱ्याने वायूचा मोठा लोट बाहेर टाकला, पृष्ठभागाचा एक भाग थंडावला, आणि लोटातून तयार झालेली धूळ आपल्या नजरेच्या आड आली. बहुतेक संशोधकांच्या मते काक्षी हेलियमच्या टप्प्यात आहे आणि एक लाख वर्षांच्या आत कधीतरी फुटेल. २०२३ मध्ये एका गटाने तो कार्बनच्या टप्प्यात असल्याचं मांडलं, पण त्यासाठी तारा मोजमापांपेक्षा फारच मोठा मानावा लागतो, म्हणून ते फारसं कुणाला पटलेलं नाही.

‘कदाचित आधीच फुटलाही असेल, प्रकाश पोचायचाय,’ असं कुणीतरी म्हणतंच. शक्य आहे, पण हिशेब करा: प्रकाशाची वाट सहा-सातशे वर्षांची, शिल्लक काळ एक लाख वर्षांपर्यंतचा. शंभरात एकाहून कमी संधी. ‘आपण पाहतो ते तारे केव्हाच मेलेले असतात’ हे लाडकं वाक्यही असंच पोकळ आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि त्यांची आयुष्यं लाखो ते अब्जावधी वर्षांची. ते बहुतेक सगळे आज, या क्षणी, जिवंत आहेत.

धोका? नाही. अतिनवताऱ्याचा उपद्रव व्हायला तो काही डझन प्रकाशवर्षांच्या आत हवा. काक्षी त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. फुटला तर साधारण अर्ध्या चंद्राइतका उजेड एका बिंदूतून येईल. तो दिवसाही दिसेल, काही महिने टिकेल. दुसरा सूर्य वगैरे काही नाही. पहिली खबर न्यूट्रिनोंची असेल, डोळ्यांना दिसायच्या आधी.

तोवर काक्षीवर लक्ष ठेवायला दुर्बीणही लागत नाही. ताऱ्याचं तेज ‘प्रत’ या मापाने सांगतात. आकडा लहान तितका तारा तेजस्वी. लघुलुब्धकातला प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९, मिथुनेतला पोलक्स १.१, बेलाट्रिक्स १.६. काक्षी कुणाहून उजळ आणि कुणाहून मंद दिसतो ते पाहायचं आणि त्या दोघांच्या मधला आकडा लिहायचा. तारे क्षितिजापासून बरेच वर आणि साधारण सारख्या उंचीवर असताना पाहा, आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावू नका. लाल रंगाकडे जास्त वेळ पाहिलं की तो आहे त्याहून उजळ भासतो. दर आठवड्याला एक नोंद पुरे. काक्षीचा एक चढउतार साधारण ४०० दिवसांचा असतो आणि त्यावर सहाएक वर्षांचा दुसरा, संथ चढउतार चालतो. दुसऱ्याचं कारण तो २०२५ साली टिपलेला जोडीदार असावा, असा सध्याचा कयास आहे.